व्यालेल्या म्हशीला तेल पाजण्याआधी
(दुभत्या जनावरांच्या खुराकातील स्निग्ध पदार्थ)



मागे एका श्रोत्याचे आपल्या कार्यक्रमाकडे पत्र आले. तिसऱ्या वेताची म्हैस, कर्ज काढून घेतलेली. व्यायली तेव्हा अंगाने भरलेली, नऊ लिटर दूध देऊ लागली. दुसऱ्या आठवड्यात डेअरीवर फॅट लागली ८.२. घरात सगळे खूष. पण त्याच आठवड्यात म्हशीने आंबोणाकडे तोंड फिरवले. वैरण तेवढी चघळायची. दूध सहावर आले. शेजारपाजारच्या जाणत्या मंडळींनी सांगितले, "अशक्तपणा आलाय, गोडेतेल पाज." त्यांनी रोज सकाळी अर्धा लिटर तेल पाजले. पाचव्या दिवशी म्हशीचा रवंथ बंद पडला, दूध तीन लिटरवर आले आणि फॅट ५.१. पत्राच्या शेवटी या भावाने विचारले होते, "आम्ही पोटच्या पोराला दिले नाही ते तेल म्हशीला दिले. मग असे का झाले?"

प्रश्न एकट्या त्या भावाचा नाही. व्यालेल्या जनावराला तेल, तूप पाजण्याची रीत आपल्याकडे गावोगाव आहे, आणि ती मायेपोटी आहे. पण माया असली तरी पोट जनावराचे आहे. ते आपल्या पोटासारखे चालत नाही. ते कसे चालते एवढे समजले, तर तेलाचे पैसेही वाचतील आणि जनावरही.

जनावराचे पोट म्हणजे चार खोल्यांचे घर

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. त्याला कोठीपोट म्हणतात. नावाप्रमाणेच ती कोठी आहे. मोठ्या म्हशीच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या आसपास चारा-पाणी मावते. या कोठीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडबा, गवत, उसाचे वाढे यातले तंतू आपल्याला पचत नाहीत, आणि खरे म्हणजे म्हशीलाही पचत नाहीत. पचवतात ते हे जीव. ते चारा आंबवतात आणि त्यातून तीन प्रकारची आम्ले तयार होतात. ही आम्ले रक्तात जातात. त्यांच्यावरच जनावर जगते आणि दूध देते.

म्हणून लक्षात ठेवा : आपण म्हशीला चारतो असे म्हणतो, पण आधी चारतो ते तिच्या कोठीतल्या जीवांना. ते धडधाकट तर म्हैस धडधाकट.

दुधातली फॅट येते कुठून ?

पुष्कळांना वाटते, तेल पाजले की ते दुधात उतरणार. पी हळद अन् हो गोरी! तसे होत नाही.

दुधातल्या स्निग्ध पदार्थापैकी जवळजवळ निम्मा भाग कासेतच तयार होतो. त्याला कच्चा माल लागतो तो कोठीपोटात चाऱ्यापासून झालेल्या आम्लांचा, मुख्यतः ॲसेटिक आम्लाचा. हे आम्ल जास्त करून तंतुमय वैरणीपासून होते. म्हणजे तुमच्या कडब्याची आणि हिरव्या वैरणीची फॅट डेअरीवर लागते. उरलेला निम्मा भाग रक्तातून येतो : काही खुराकातल्या तेलातून, तर काही जनावराच्या अंगावरची चरबी वितळून.

आणि दूध किती निघणार, हे कशावर ठरते? तर साखरेवर. दुधातली साखर कास स्वतः बनवते, रक्तातल्या ग्लुकोजपासून. एक लिटर दुधासाठी सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागते. नऊ लिटरची म्हैस रोज सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज कासेत ओतते. हे ग्लुकोज तिचे यकृत तयार करते. त्याचा मुख्य माल म्हणजे कोठीपोटात धान्य-भरड्यापासून होणारे प्रोपिऑनिक आम्ल.

इथे गोष्टीचे मर्म आहे. तेलापासून किंवा चरबीपासून जनावराला ग्लुकोज जवळजवळ मिळत नाही. तेलात ताकद आहे, पिठाच्या सव्वादोन पट आहे. पण ती साखरेच्या कामी येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिले दोन महिने : अंगावरची चरबी वितळते

व्याल्यावर दूध झपाट्याने चढते. चांगल्या गाईचे दूध सहा ते आठ आठवड्यांत ऐन भरात येते. पण तिची भूक मात्र मागून येते. पूर्ण खायला लागायला दहा-बारा आठवडे जातात. या मधल्या काळात जमा कमी आणि खर्च जास्त. मग जनावर काय करते? घरातले दाणे संपले की आपण कणगीला हात घालतो, तसे ते अंगावरच्या चरबीला हात घालते. जास्त दुधाच्या गाईचे या दिवसांत तीस-चाळीस किलो वजन सहज उतरते.

थोडी चरबी वितळणे हा निसर्गनियम आहे, त्याला घाबरू नये. पण जनावर फार लठ्ठ असेल, किंवा व्याल्यावर पुरेसे खात नसेल, तर चरबीचा लोंढाच्या लोंढा रक्तात येतो आणि यकृताकडे धावतो. यकृत ती चरबी पूर्ण जाळू शकत नाही, कारण नीट जाळायला लागणारा माल ग्लुकोज बनवण्यातच संपलेला असतो. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा मिळाला नाही तर काय होते? जाळ होत नाही, नुसता धूर होतो. तसेच इथे होते. हा 'धूर' म्हणजे कीटोन नावाचे पदार्थ. ते रक्तात, दुधात, लघवीत उतरतात. जनावराची भूक मरते. भूक मेली की आणखी चरबी वितळते, आणि आणखी धूर. काही चरबी यकृतातच साचून राहते. या आजाराला किटोसिस किंवा कितनबाधा म्हणतात.

आता त्या पत्रातली ८.२ फॅट आठवा. वितळलेली चरबी रक्तातून कासेत उतरली, म्हणून फॅट चढली. म्हशीची फॅट एरवीही सहा-सातच्या पुढे जाऊ शकते. पण ताज्या व्यालेल्या जनावराची फॅट एकाएकी चढली, अंग उतरत चालले आणि खाणे कमी झाले, तर ती आनंदाची बातमी समजू नका. ती धोक्याची घंटा आहे. जनावर स्वतःचे अंग विकून दूध देत आहे.

वरून पाजलेल्या तेलाने काय होते ?

अशा वेळी त्या म्हशीला अर्धा लिटर तेल पाजले. तिला हवी होती साखर, दिले तेल. त्यात ती आधीच रोज दोन किलो सरकी खात होती. नुकसान तीन वाटांनी झाले.

पहिली वाट कोठीपोटातली. मोकळे तेल एकदम आले की ते चाऱ्याच्या तंतूंवर पसरते आणि तंतू पचवणाऱ्या जीवांना मारक ठरते. वैरण पचेनाशी होते, रवंथ मंदावतो, भूक आणखी कमी होते. शेण पातळ व तेलकट पडते.

दुसरी वाट कासेतली. वनस्पतीच्या पातळ तेलावर कोठीपोटातले जीव प्रक्रिया करतात. वैरण कमी, भरडा जास्त आणि वरून तेल असेल, तर या प्रक्रियेत काही वेगळी आम्ले तयार होतात, आणि ती कासेला फॅट बनवण्यापासून रोखतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सन २००० मध्ये असे एक आम्ल शोधून गाईंना कोठीपोट टाळून दिले गेले. दिवसाला अवघ्या १० ग्रॅमने दुधातली फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. म्हणजे तेल पाजून फॅट वाढण्याऐवजी उतरते ती अशी. पत्रातली ५.१ ची फॅट हीच.

तिसरी वाट सर्वांत वाईट. बाटलीने किंवा बांबूच्या नळ्याने पाजताना मान वर ओढली, जीभ धरली, जनावराला ठसका लागला, की तेल श्वासनळीतून फुफ्फुसात जाते. तेल फुफ्फुसातून सहजासहजी बाहेर येत नाही. फुफ्फुसाला सूज येते आणि पुष्कळदा जनावर दगावते. अशक्त, मान टाकलेल्या जनावराला तर कधीही काही पाजू नये.

एक गोष्ट वेगळी. फेसाळ पोटफुगीत डॉक्टर एखादे वेळी तेल देतात. ते औषध आहे, फेस मोडण्यापुरते, एका वेळेपुरते. तो रोजचा खुराक नव्हे.

मग स्निग्ध पदार्थ द्यायचेच नाहीत का ?

असे नाही, बंधूंनो. द्यायचे, पण वाट बघून आणि माप बघून.

वासरू दूध पिते तेव्हा निसर्ग काय करतो बघा. वासराच्या अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ असते. वासरू चोखू लागले की ती पन्हळ मिटून नळीसारखी होते आणि दूध कोठीपोटात न पडता थेट चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात जाते. म्हणून दुधातले लोणी वासराला बाधत नाही, उलट अंगी लागते. मोठ्या म्हशीला पाजलेले तेल मात्र कोठीपोटातच पडते. तेव्हा युक्ती अशी हवी की तेल एक तर कोठीपोटात हळूहळू सुटावे, नाही तर कोठीपोट ओलांडून पुढे जाऊन सुटावे.

सरकी : हळूहळू सुटण्याचे काम सरकी करते. अख्ख्या सरकीत १८ ते २० टक्के तेल असते. पण ते टरफलाच्या आत असते आणि जनावर रवंथ करील तसतसे सुटते. शिवाय टरफलाचा तंतू आणि आतली प्रथिनेही मिळतात. मोठ्या दुभत्या म्हशीला रोज एक ते दीड किलो अख्खी सरकी पुरे. भिजवून दिली तरी चालते. बारीक भरडू नका, भरडली की तेल एकदम मोकळे होते. वासरांना मात्र सरकी देऊ नका. तिच्यातले गॉसिपॉल नावाचे द्रव्य लहान जनावराला बाधते.

पेंड : घाणीच्या किंवा एक्सपेलरच्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल राहते. सॉल्व्हंट पेंडीत जेमतेम एक टक्का. सॉल्व्हंट पेंड वाईट नाही, तिच्यात प्रथिने भरपूर असतात. मात्र घेताना कोणती पेंड घेतो आहोत हे विचारून घ्या, म्हणजे तेलाचा हिशोब चुकणार नाही. ओल लागलेली, बुरशी आलेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी दावणीत टाकू नका. बुरशीचे विष दुधात उतरते.

बायपास फॅट : कोठीपोट ओलांडण्याची युक्ती शास्त्रज्ञांनी काढली. १९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात तेलावर प्रथिनाचे कवच चढवून ते कोठीपोटातून सुखरूप पुढे नेण्यात आले. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यात स्निग्ध आम्लांचा चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी संयोग करून कोरडी भुकटी वापरात आली. ही भुकटी कोठीपोटात विरघळत नाही. पुढे खऱ्या पोटातल्या तीव्र आम्लात ती फुटते आणि आतड्यात पचते. बाजारात ती 'बायपास फॅट' म्हणून मिळते. ती पामतेलापासून केलेली असते. आठ-दहा लिटरच्या वरच्या जनावराला व्याल्यापासून पहिले तीन महिने रोज १०० ते १५० ग्रॅम, आंबोणात मिसळून द्यावी. सुरुवात ५० ग्रॅमने करून आठवडाभरात पुऱ्या मापावर यावे, कारण काही जनावरांना तिची चव लवकर रुचत नाही. दोन-चार लिटरच्या म्हशीला ती देऊन पैसे घालवू नयेत. आणि भरड्याचा अतिरेक करून कोठीपोट आंबट झाले असेल, तर ही भुकटी तिथेच फुटते, मग बायपास कसले ?

उन्हाळ्यात स्निग्ध पदार्थाचा आणखी एक गुण आहे. तो पचताना अंगात उष्णता कमी तयार होते. एप्रिल-मे महिन्यात म्हैस धापा टाकत कमी खाते, तेव्हा थोड्या खाण्यात जास्त ताकद द्यायला सरकी किंवा बायपास फॅट उपयोगी पडते.

तेलाचा हिशोब

जनावर दिवसभरात जे खाते त्याचे कोरडे वजन धरले, तर त्यात सगळा मिळून स्निग्ध पदार्थ पाच टक्क्यांच्या आसपास असावा. सहाच्या वर जाऊ नये. नऊ लिटरच्या म्हशीचा हिशोब करून पाहू :

कडबा ४ किलो व हिरवी वैरण २० किलो मिळून स्निग्ध पदार्थ सुमारे १६० ग्रॅम.
खुराक ५ किलो, त्यातून सुमारे २०० ग्रॅम.
अख्खी सरकी १ किलो, त्यातून सुमारे १९० ग्रॅम.
एकूण ५५० ग्रॅम.

हे सगळे खाणे कोरड्या वजनात सुमारे १३ किलो भरते. त्याचे पाच टक्के म्हणजे ६५० ग्रॅम. तेव्हा सरकी फार तर अर्धा किलो वाढवता येईल, किंवा १०० ग्रॅम बायपास फॅट. त्यावर तेलाच्या बाटलीला जागाच उरत नाही. शिवाय म्हैस निम्मेच खात असेल, तर हे मापही निम्मे धरावे लागते. पत्रातल्या म्हशीच्या बाबतीत हेच चुकले.

व्यायच्या आधीपासून काय करावे ?

१) आजार व्याल्यावर दिसतो, पण त्याचे मूळ भाकड काळात असते. शेवटच्या दोन महिन्यांत जनावर लठ्ठ करू नका. मागच्या दोन-तीन फासळ्या किंचित दिसाव्यात, पाठीचा कणा वर येऊ नये, एवढे अंग बरोबर.

२) व्यायच्या आधी तीन आठवडे थोडा थोडा खुराक सुरू करा, म्हणजे कोठीपोटातले जीव त्याला सरावतील.

३) व्याल्यावर खुराक रोज पाव ते अर्धा किलोने वाढवा. एकदम बाजरीची, गव्हाची पाटी पुढे ठेवू नका. गूळ मूठभर ठीक, पण किलो-किलो गूळ घातला तर पोट आंबते.

४) साधारण माप : अंगासाठी दीड किलो, आणि दुधासाठी म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो, गाईला दर अडीच ते तीन लिटरमागे एक किलो खुराक. तो दोनऐवजी तीन-चार वेळा विभागून द्या.

५) चांगली वैरण आधी, खुराक मागून. कुट्टी करा, पण भुसा करू नका. लांब तंतू असला तरच रवंथ होतो.

६) खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम व मीठ. सरकी, बायपास फॅट देताना तर कॅल्शियमची गरज अधिकच असते. स्वच्छ पाणी चोवीस तास पुढे हवे.

७) वासराला जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजा. वार पडण्याची वाट बघत थांबू नका.

ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना बोलवा

व्याल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जनावराने आंबोण सोडले आणि वैरण तेवढी खाल्ली, दूध दिवसागणिक उतरले, शेण घट्ट व चकचकीत पडले, तोंडाला किंवा लघवीला गोडसर, उग्र वास येऊ लागला, अंग झरझर उतरले, तर किटोसिसचा संशय घ्या. काही जनावरे दावण, भिंत चाटत राहतात, अडखळत चालतात. दूध किंवा लघवी तपासून डॉक्टर दोन मिनिटांत निदान करू शकतात. शिरेतून ग्लुकोज आणि तोंडाने द्यायची ग्लुकोज तयार करणारी औषधे वेळेत मिळाली, तर बहुतेक जनावरे सुधारतात. तोवर तेल, तूप, चरबीयुक्त काहीही देऊ नका. यकृतावर आधीच चरबीचे ओझे आहे, त्यात भर घालू नये.

अंग फार उतरलेले जनावर माजावर उशिरा येते. म्हशीचा माज तर आधीच मुका. म्हणजे आज तेलापायी गेलेले चार लिटर दूध एकवेळ भरून निघेल, पण गाभण राहायला लांबलेले तीन महिने भरून निघत नाहीत.

पत्र लिहिणाऱ्या भावाची म्हैस वाचली. डॉक्टरांनी तेल बंद केले, ग्लुकोज लावले, हिरवी वैरण व थोडा थोडा खुराक सुरू केला. दहा दिवसांत ती सात लिटरवर आली. नऊवर मात्र त्या वेतात आली नाही. त्यांनी दुसऱ्या पत्रात लिहिले, "आता तेलाची बाटली स्वयंपाकघरातच ठेवतो."

तेवढेच सांगायचे होते. हे पत्रक गोठ्यात, हाताला येईल असे टांगून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणि शेजारच्या दावणीला म्हैस व्यायला आली असेल, तर ती व्यायच्या आत दाखवा.